टपरीवरचा पखाळ

भात हा आपल्या घरांतला सर्वांत हळवा पदार्थ आहे. पोळी दुसऱ्या दिवशीं चालते, लाडू महिनाभर टिकतो, चिवडा कोणीहि कोठेंहि केलेला असला तरी आपण त्याची मूठ भरतों. भाताचें तसें नाहीं. तांदूळ पाण्यांत शिजला कीं त्याचें खरकटें होतें, आणि खरकटें म्हटलें कीं जागा, हात, वेळ हीं सगळीं बंधनें त्याच्या मागोमाग येतात. आमच्या आजीच्या काळीं प्रवासाला निघणाऱ्याबरोबर दशम्या बांधून देत. दशमीचें पीठ पाण्यांत न भिजवितां दुधांत भिजवावयाचें, म्हणजे तिला खरकट्याचा दोष लागत नाहीं आणि ती आगगाडींत बसून खातां येते, असें त्यामागचें गणित. त्या गणितांत भाताला कोठेंच जागा नव्हती. भात म्हटला कीं चूल आपली, पाणी आपलें आणि वाढणारा हातहि आपला.

तें सोवळें आतां बहुतेक घरांतून गेलें आहे, आणि तें गेल्याबद्दल अश्रु ढाळण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. पण रीत गेली तरी तिचा माग राहतो. वाचकांनीं आपल्याच घरांत पाहावें. गाड्यावरची भेळ, वडा, मिसळ आवडीनें खाणारी मंडळी तेथेंच कोणी पातेल्यांतून भात काढून वाढूं लागला तर दोन पावलें मागें सरतात. विचारलें तर आरोग्याचें कारण सांगतात. तें खोटें नसतें. पण तें एकटेंहि नसतें. त्यांतून तो भात जर कालचा असला, पाण्यांत बुडवून रात्रभर आंबविलेला असला, तर मग बोलावयासच नको. ओडिशांत असाच भात लहानथोर सर्व मोठ्या प्रेमानें खातात. त्याला पखाळ म्हणतात. गेल्या वैशाखांत आम्हीं तो रस्त्याकडेच्या एका टपरीवर खाल्ला. त्या निमित्तानें जें पाहण्यांत आलें आणि घरीं परतल्यावर पोथ्यांतून जें धुंडाळलें, तें येथें मांडीत आहों.

पुरीस जाण्याचा योग आला तो आमच्या सौभाग्यवतीच्या पुष्कळ वर्षांच्या इच्छेमुळें. बरोबर चौदा वर्षांचा नातू होता. जगन्नाथाच्या देवळाच्या बाहेरच्या कोटांत ईशान्येच्या बाजूला आनंदबाजार नांवाची जागा आहे, आणि ती नांवाप्रमाणें खरोखरीच बाजार आहे. देवाला दाखविलेला नैवेद्य पुढें विमलादेवीपुढें ठेवतात. मग तो महाप्रसाद होतो, आणि तो येथें मडक्यामडक्यांतून विकावयास मांडलेला असतो. स्वयंपाक करणाऱ्यांना तेथें सुआर म्हणतात. हा शब्द कानांवर पडतांच आम्हांस संस्कृत सूपकार आठवला, आणि तो त्याचाच वंशज आहे. हे सुआर मातीचीं मडकीं एकावर एक रचून लांकडाच्या जाळावर भात शिजवितात. एकदां वापरलेलें मडकें पुन्हां चुलीवर चढवीत नाहींत. कांदा-लसूण अर्थातच वर्ज्य. पण बटाटा आणि टोमॅटोहि वर्ज्य! समुद्रापलीकडून आलेल्या या पाहुण्यांनीं आपलीं उपासाचीं ताटेंसुद्धां काबीज केलीं. त्यांना या एका स्वयंपाकघराचा उंबरठा अद्याप ओलांडतां आलेला नाहीं.

महाप्रसादाला स्पर्शदोष नाहीं. तो कोणीहि कोणाच्याहि हातून घ्यावा, एका मडक्यांतून अनेकांनीं खावा. तो उष्टा होत नाहीं आणि शिळाहि होत नाहीं. उरलेला भात उन्हांत वाळवून त्याचें निर्माल्य करतात, आणि यात्रेकरू तें घरीं नेऊन वर्षानुवर्षें जपून ठेवतात. आमची सौभाग्यवती आजवर प्रवासांत बाहेरच्या भाताला शिवलेली नव्हती. तिनें त्या दिवशीं आनंदबाजारांत फरशीवर बसून, शेजारीं कोण बसलें आहे याची चौकशी न करतां, मडक्यांतला भात आणि डाळ पोटभर खाल्ली.

या समतेला एक भिंत होती, हें सांगितलें पाहिजे. जे आंत गेले त्यांच्यांत भेद नव्हता. पण कांहींना आंतच जातां येत नव्हतें. १९३४ सालीं गांधीजींनीं ओडिशांतील आपली हरिजन-पदयात्रा पुरीहूनच सुरू केली. देऊळ हरिजनांना बंद असल्यामुळें ते स्वतः आंत गेले नाहींत. स्वातंत्र्यानंतर तो निर्बंध उठला. अहिंदूंना मात्र आजहि प्रवेश नाहीं. आपल्याकडेहि पंढरीचें देऊळ सर्वांना खुलें होण्यासाठीं १९४७ सालीं साने गुरुजींना उपोषणाला बसावें लागलें होतें.

याच भूमींत भातानें जात घालविल्याचाहि दाखला आहे, आणि तो आम्हांस फार बोचला. १८६६ सालीं ओडिशांत भयंकर दुष्काळ पडला. पुरीच्या गजपति राजांच्या कारकीर्दीच्या अंकगणनेवरून त्याला तेथें ‘नऊ अंकाचें दुर्भिक्ष’ म्हणतात. आदल्या वर्षीं पाऊस गेला. सरकारनें बाहेरून तांदूळ आणण्याचें वेळेवर मनावर घेतलें नाहीं. आणि जेव्हां घेतलें तेव्हां पावसाळ्यानें बंदरें बंद झालीं होतीं. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. शेवटीं ठिकठिकाणीं अन्नछत्रें निघालीं. त्या छत्रांत शिजलेला भात खाऊन जे जगले, त्यांना घरीं परतल्यावर जातींत घेईनात. त्यांत ब्राह्मण होते, करण होते, खंडायत होते. त्या लोकांची पुढें ‘छत्रखिया’, म्हणजे छत्रांत खाणारे, अशी एक निराळी जातच पडली. देवळाच्या कोटांतला भात कोणाच्याहि हातचा चालतो, आणि कोटाबाहेर मरणाच्या दारांत खाल्लेला भात चालत नाहीं! दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यांतल्या आणि एकाच धान्याच्या.

देवळाच्या सिंहद्वारापुढें जो उंच अरुणस्तंभ उभा आहे तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. ओडिशा १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालीं होता, आणि त्या मराठी अमदानींतच हा खांब तेथून पुरीस आणला गेला. नातवाला ती मूळ जागा पाहावयाची होती, म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही कोणार्कास निघालों. रस्ता समुद्राच्या कडेनें सुरूच्या बनांतून जातो. परत फिरतांना दुपारचा एक वाजून गेला होता. ऊन असें होतें कीं वाळूकडे पाहवेना. सौभाग्यवतीनें सकाळपासून दोन केळ्यांपलीकडे कांहीं खाल्लें नव्हतें, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग आम्हांस बरा दिसत नव्हता. रामचंडीच्या देवळाच्या आसपास एक टपरी लागली: चार बांबू, वर झावळ्या, दोन बांकडीं. आंत एक मध्यमवयीन बाई होती, आणि तिच्यापुढें तोंडाला ओलें फडकें बांधलेली मातीची मोठी हंडी.

बाकी कांहीं मिळेल काय, म्हणून विचारलें. पण त्या वेळीं तेथें दुसरें कांहीं नव्हतें. सौभाग्यवतीनें मोडक्या हिंदींत भात केव्हांचा म्हणून विचारलें.

“कालि रातिर, मा,” बाई म्हणाली.

याला भाषांतर लागलें नाहीं. कालच्या रात्रीचा! सौभाग्यवती बांकड्यावर बसून राहिली. तेव्हां नातू म्हणाला, “आजी, काल देवळांत तूं भात खाल्लास तो कोणी शिजवला, हें विचारलें होतेंस का?”

“तो जगन्नाथाचा होता.”

“आणि हा?”

तिनें उत्तर दिलें नाहीं. ती उठली आणि टपरीच्या मागच्या बाजूस गेली. तेथें हातपंप होता. बाईनें तिला फडकें सोडून हंडी दाखविली. सौभाग्यवतीनें हंडीचा गळा पाहिला, ओगराळें पाहिलें, तें ठेवण्याची जागा पाहिली, बाई वाढण्याआधीं हात कसे धुते तें पाहिलें. मग वांकून वास घेतला. चाळीस वर्षें ज्या नजरेनें तिनें घरांतलीं दह्याचीं विरजणें आणि लोणच्याच्या बरण्या तपासल्या त्याच नजरेनें ही तपासणी चालली होती. मग परत येऊन म्हणाली, “अहो, हिच्या हंडीचा गळा आपल्या घरच्यापेक्षां स्वच्छ आहे. तीन सांगा.”

स्टीलच्या खोल वाडग्यांतून भात आला. भात म्हणण्यापेक्षां पाणी म्हणावें. गढूळ पांढऱ्या थंडगार पाण्यांत तळाशीं भात, वर ठेचलेलें आलें, कढीलिंबाचीं चुरडलेलीं पानें, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि एक हिरवी मिरची. शेजारीं शालपानांच्या पत्रावळीवर वांग्याचे तळलेले काप, बटाट्याचें भरीत, परतलेली पालेभाजी आणि बडीचुरा. बडी म्हणजे उडदाच्या डाळीचे वाळविलेले सांडगे; ते भाजून मिरचीबरोबर ओबडधोबड चुरतात आणि वर कच्चें मोहरीचें तेल सोडतात. त्यांत लसूण असतो; नको असल्यास आधीं सांगावें लागतें. आम्हीं सांगितलें.

पहिला घांस विशेष लागला नाहीं, हें प्रामाणिकपणें नमूद करतों. थंड, मऊ, किंचित् आंबट. दुसऱ्या घांसाला आल्याचा आणि कढीलिंबाचा वास नाकांत शिरला. तिसऱ्या घांसाबरोबर बडीचुरा घेतला तेव्हां पदार्थ कळला. भाताची शांत आंबट चव, आणि तिच्यावर तो खमंग, करकरीत, मोहरीच्या झणक्याचा चुरा. एकावांचून दुसऱ्याला अर्थ नाहीं. आंबटपणा ताकासारखा भासतो, पण ताकाचा स्निग्धपणा त्यांत नसतो. तो जिभेवर आधीं येत नाहीं. घांस गिळल्यावर मागून येतो. सर्व संपल्यावर उरतें तें पाणी. त्याला तोराणी म्हणतात, आणि जाणते लोक भातापेक्षां त्याचीच वाट पाहतात. बाईनें चिमूटभर मीठ टाकून तें प्यावयाला सांगितलें. सौभाग्यवती वाडगा तोंडाला लावून प्यायली, आणि दहा-पंधरा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर पुन्हां तरतरी आली. मध्यंतरीं शेजारच्या बांकड्यावर एक ट्रकचालक येऊन बसला. त्याच्या पानांत तळलेली मासळी आली. तेव्हां तिनें आपला वाडगा वीतभर अलीकडे ओढला आणि खाणें चालू ठेवलें. नातवानें दुसऱ्यांदा घेतला.

निघतांना आणखी एक गोष्ट कानांत राहिली. आम्ही जें जें विचारूं त्याला ती बाई “आज्ञा” म्हणून रुकार देई. ओडिया भाषेंत नम्रतेनें ‘हो जी’ म्हणण्याची हीच रीत. मिठाला लुण, पाण्याला पाणि, भाताला भात. आम्हीं बाराशें-पंधराशें किलोमीटर ओलांडून गेलों होतों, पण स्वयंपाकघरांतली भाषा फारशी बदललेली नव्हती.

पखाळ हा शब्दहि परका नाहीं. संस्कृत प्रक्षालन, पालींत पक्खालेति, आणि आपल्या जुन्या मराठींत पाखाळणें, म्हणजे धुणें. पंढरपुरास आषाढी-कार्तिकीच्या यात्रेनंतर विठ्ठलाची प्रक्षाळपूजा होते. यात्रेच्या दिवसांत देव रात्रंदिवस दर्शनासाठीं तिष्ठत असतो. त्याचा शीण जावा म्हणून त्याला ऊन पाण्यानें स्नान घालतात. तोच हा शब्द. पखाळ म्हणजे पाण्यानें पाखाळलेला भात. (भिश्तीच्या पाठीवरची पखाल निराळी, तिचा याच्याशीं संबंध नाहीं.) आणि पखाळ हा केवळ गरिबाच्या हंडींतला पदार्थ आहे असेंहि समजूं नये. जगन्नाथाच्या नैवेद्यांतहि पखाळाला स्थान आहे.

येथें पोथीनिष्ठ वाचक विचारतील: शिळ्या अन्नाचें काय? गीतेच्या सतराव्या अध्यायांत पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेलें अन्न तामसांना प्रिय म्हणून सांगितलें आहे, हें खरें. परंतु धर्मशास्त्रकार व्यवहारांतले होते. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत शिळ्या आणि आंबलेल्या अन्नाचा निषेध आहे, पण त्यालगतच अपवादहि आहेत. तेला-तुपानें युक्त असलेलें अन्न शिळें झालें तरी चालतें. आंबलेल्या पदार्थांपैकीं दही आणि दह्यापासून झालेलें सर्व चालतें. म्हणजे नासणें आणि आंबणें यांत फरक आहे, ही जाणीव तेथें आहे. केवळ रेघ कोठें ओढावयाची एवढाच प्रश्न. वैद्यकांत तर धान्याम्ल आणि कांजिक यांना औषधांत मानाची जागा आहे. अमरकोशाच्या वैश्यवर्गांत कांजीला आरनालक, सौवीर, धान्याम्ल अशीं कितीतरी नांवें दिलीं आहेत. त्यांत एक नांव अवंतिसोम असें आहे. अवंतीच्या लोकांचा सोमरस! ज्या वस्तूला भाषा इतकीं नांवें देते ती वस्तु घराघरांतून असली पाहिजे. आणि आपण तरी काय करतों? इडलीचें पीठ रात्रभर आंबवितों, नाचणीची आंबील करतों, गोपाळकाल्याला दहीपोह्यांचा काला एकमेकांच्या हातून खातों, आणि श्रावणांत शिळासप्तमीला मुद्दाम आदल्या दिवशींचें अन्न खातों.

आतां पदार्थविज्ञानाची बाजू. भात शिजून निवला, त्यावर पाणी ओतलें आणि तो आठ ते बारा तास राहिला, कीं हवेंतले, भांड्याला असलेले आणि तांदुळाबरोबर आलेले सूक्ष्म जीव त्यांतल्या पिष्टावर चरूं लागतात. ज्या जातीचे जीव दुधाचें दही करतात त्यांचेच हे भाऊबंद. ते दुग्धाम्ल तयार करतात. पाण्याला आंबटपणा येतो तो या अम्लाचा, आणि हेंच अम्ल इतर अपायकारक जंतूंना आवर घालतें. मातीच्या हंडीच्या अंगांतून पाणी पाझरून उडून जात राहतें, म्हणून आंतला भात उन्हाळ्यांतहि गार राहतो. घामानें शरीरांतलें पाणी आणि मीठ जातें; पखाळांत पाणी आहे, मीठ आहे आणि पचावयास हलका असा भात आहे. भर उन्हांत नांगर धरणाऱ्याला याहून सोयीचें जेवण सुचविणें कठीण. त्यांत घरधनिणीचीहि सोय आहे. संध्याकाळीं एकदां चूल पेटली कीं दुसऱ्या दुपारची शिदोरी त्याच सरपणांत झाली. एका खेपेचें लांकूड वांचणें ही गोष्ट शेगडीच्या बटणापुढें उभ्या राहणाऱ्या आजच्या सुनांना क्षुल्लक वाटेल. डोक्यावरून मोळ्या आणणाऱ्या बायकांना ती वाटत नसे.

पण येथें एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे, कारण या अंकाचे वाचक हें वाचून घरीं करूं पाहतील. शिजलेल्या भातांत एका जातीच्या जंतूचीं बीजें उकळूनहि जिवंत राहतात. भात कोमट स्थितींत बराच वेळ उघडा राहिला तर तीं वाढतात आणि विष तयार करतात. तें विष पुन्हां गरम केल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. त्यानें वांत्या होतात, जुलाब होतात, क्वचित् याहून वाईट होतें. म्हणून भात शिजल्यावर तासन्‌तास तसाच ठेवूं नये. तो परातींत पसरून लवकर निववावा आणि लगेच स्वच्छ पाण्यांत बुडवावा. पाणी शंकास्पद असेल तर उकळून गार केलेलें घ्यावें. टपरीवर खातांना खरी परीक्षा भाताची नसून पाण्याचीच असते. भाताला तार सुटली, तो बुळबुळीत झाला किंवा आंबट वासाऐवजीं कुजका वास आला तर मन घट्ट करून टाकून द्यावा. तान्हीं मुलें, गर्भिणी आणि आजारी माणसें यांना रात्रभर आंबविलेला देऊं नये. त्यांच्यासाठीं साजा पखाळ, म्हणजे ताज्या निवलेल्या भातांत पाणी व दही घालून तेव्हांच वाढलेला, पुरेसा आहे. रात्रभर मुरतो त्याला बासी पखाळ म्हणतात. दही मिसळला तो दही पखाळ, फोडणी दिला तो छुंका पखाळ.

हा प्रकार ओडिशापुरताच आहे असें नाहीं. जेथें जेथें तांदूळ पिकतो आणि ऊन तापतें तेथें तेथें तो आहे. बंगाल्यांत त्याला पांता भात म्हणतात आणि बांगलादेशांत वर्षप्रतिपदेला तो इलिश मासळीबरोबर मुद्दाम खातात. आसामांत पोइता भात, तमिळ देशांत पळय सादम्, केरळांत पळंकंजी. आपल्या पूर्वसीमेवरच्या छत्तीसगडांत बोरे-बासी आहे: दिवसा भिजविला तो बोरे, रात्रभर ठेवला तो बासी. तेथील मुख्यमंत्र्यांनीं २०२२ सालीं १ मे या कामगारदिनीं तो सर्वांनीं खावा असें आवाहन केलें होतें आणि मोठमोठ्या अधिकाऱ्यांनीं वाडग्यांसह आपलीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं होतीं. त्यांतल्या किती जणांनीं तो २ मे रोजीं खाल्ला, हें कळण्यास मार्ग नाहीं. ऑस्ट्रेलियांतील पाककलेच्या एका गाजलेल्या स्पर्धेच्या २०२१ सालच्या अंतिम फेरींत किश्वर चौधरी या बंगाली वंशाच्या बाईंनीं पांता भातच परीक्षकांपुढें ठेवला आणि तिसरा क्रमांक मिळविला. ओडिशांत आतां २० मार्च हा पखाळ दिवस म्हणून पाळतात. उंची हॉटेलांतून कांशाच्या वाडग्यांत, दहा वाट्या भोवतीं मांडून, पखाळाचें ताट मिळतें. आम्हीं भुवनेश्वरास तेंहि खाऊन पाहिलें. भात बर्फासारखा थंड होता आणि आंबट मुळींच नव्हता. दही घालून आंबट केल्याचें सौभाग्यवतीनें पहिल्या घांसाला ओळखलें.

घरीं करावयाचा तर उकडा तांदूळ उत्तम. कोंकणांत पेजेला लागतो तोच. एक वाटी तांदुळाचा मोकळा पण पूर्ण शिजलेला भात करावा, निववावा, मातीच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यांत घालून वर चार बोटें राहील इतकें पाणी ओतावें आणि तोंडाला फडकें बांधावें. मीठ आधीं घालूं नये, खातांना घालावें. लिंबाचीं पानें मिळाल्यास एक-दोन चुरडून टाकावीं. सांडगे आपल्याकडे असतातच. नुसते तळून न ठेवतां मिरचीबरोबर कुटावे. जेवणानंतर झोंप फार येते. ओडिया लोक हें गुणांत धरतात. शाळामास्तराला तें कधींच धरतां आलें नसतें.

आमच्या घरीं ही हंडी स्वयंपाकघरांत न ठेवतां मागल्या पडवींत ठेवावी आणि तो भात देवाच्या नैवेद्याला घेऊं नये, असें सौभाग्यवतीनें परत आल्याबरोबर ठरवून टाकलें. धाकट्या सुनेनें जगन्नाथाच्या नैवेद्याचा दाखला दिला. तेव्हां “तें त्याचें घर, हें माझें,” असें उत्तर मिळालें, आणि त्यावर अपील नाहीं. मात्र यंदाच्या शिळासप्तमीला तिनें आपण होऊनच आदल्या रात्रीं भात पाण्यांत घातला. चूल पेटवावयाची नसल्यामुळें सगळ्यांचें दुपारचें जेवण त्याच्यावरच होतें. पण श्रावणांतली पुण्याची हवा गार. सकाळीं पाहिलें तर भात नुसता ओला झालेला, आंबट म्हणून नाहीं. शेवटीं दही घालून वेळ भागविली. पुढल्या वर्षीं आदल्या दिवशीं दुपारींच घालावयाचा आणि हंडी पडवीऐवजीं गच्चीच्या जिन्याखालीं, जेथें ऊब राहते तेथें ठेवावयाची, असें ठरलें आहे.